कार्ड दिसत नाही

"आय. पी. मग जागा सोड. मग लिंक."

"किती सोडू?"

"मावशी, एकच गं. ती खालची लांब पट्टी आहे ना, ती एकदा दाबायची."

"मग पट्टी दाब म्हण की. जागा सोड म्हणालास, मला वाटलं आजच घर रिकामं करायचंय."

एरवी भाचा फोनवर हसला असता. आज हसला नाही. मावशीने रिसीव्हर मान आणि खांद्याच्या बेचक्यात दाबला. मराठी ती झरझर टाइप करायची, ही इंग्रजी अक्षरं मात्र तिला एकेक करून शोधावी लागायची. शोधली. एंटर मारलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी उमटल्या.

"काय दिसतंय?"

"एक. लो."

"पुढे?"

"पुढे बरंच काहीबाही आहे. पण एकच्या खाली दोन नाही."

"दोन पाहिजे गं. दोन म्हणजे तुझं नेटवर्क कार्ड. तोच बाहेर जायचा रस्ता."

"आणि हा लो कोण मग?"

"त्याच्यावर मशीन स्वतःशीच बोलतं. आपल्या उपयोगाचं नाही ते."

"स्वतःशी बोलतंय होय," मावशी म्हणाली. "मीही सकाळपासून तेच करतेय."

दुपार नुकतीच कलायला लागली होती. विटलेल्या पडद्यातून ऊन आत यायचं आणि फरशीवर पाण्यासारखं हलायचं. खोली तशी लहानच. एक खाट, एक कपाट, आणि खिडकीपाशी टेबलावर हे मशीन. भाच्यानेच जुने भाग जोडून बनवलेलं. त्याच्यावर लिनक्स टाकलं तेव्हा म्हणाला होता, "मावशी, हे फुकट आहे, साधं आहे आणि हट्टी आहे. तुझं आणि त्याचं छान जमेल." जमलंही. मावशीची अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. आजही आसपासच्या सगळ्यांना ती ऑपरेटरबाई म्हणूनच ठाऊक. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि मशीनने मुकाट ऐकायचं, हे तिला मनापासून आवडायचं.

आज मात्र मशीन ऐकत नव्हतं. आणि नेमकं आजच.

भाचा बोटीवर इंजिनरूममध्ये काम करायचा. उद्या त्याची बोट सुटणार होती, आणि या खेपेला तो कधी परतेल ते नक्की नव्हतं. त्याची आई म्हणजे मावशीची मोठी बहीण. अक्का. अक्काला ऐकू येणं हळूहळू बंद होत गेलं होतं आणि आता ठार बंद झालं होतं. तिच्याकडेही असंच मशीन होतं, आणि दोघी बहिणी त्याच्यावर एकमेकींशी लिहून बोलायच्या. एकटीला ठेवणं शक्यच नव्हतं. भाच्याने एक वृद्धाश्रम पाहून ठेवला होता. आज संध्याकाळी त्यांची गाडी अक्काला न्यायला येणार होती. एवढ्यात काल दुपारी अक्काने पडद्यावर लिहिलं होतं, "ठमे, तू येतेस का माझ्याकडे राहायला? उद्या सांग. आलीस तर गाडी परत पाठवीन म्हणते."

ते उद्या म्हणजे आज.

"आई काय करतेय?" मावशीने विचारलं. बहिणीला ती अक्का म्हणायची, पण भाच्याशी बोलताना आईच म्हणायची.

"सकाळपासून मशीनसमोरच बसलीय. चष्मा पुसते, पडद्याकडे बघते, परत चष्मा पुसते. मी जिन्यात येऊन बोलतोय, नाहीतर माझ्या ओठांकडेच बघत राहते." मग म्हणाला, "मावशी, मला सांग ना. येणार की नाही, एवढंच. आत जाऊन मी तिला कागदावर लिहून दाखवतो. झालं."

"नाही."

"नाही म्हणजे येणार नाही?"

"नाही म्हणजे तुला सांगणार नाही. गप मशीन दुरुस्त करायला लाव मला."

तो वैतागला, पण कामाला लागला. मशीनच्या मागची वायर काढून पुन्हा घालायला लावली. राउटरच्या पेटीवरचे दिवे वाचून घेतले. मग म्हणाला, "परवा मशीनने स्वतःला अपडेट करून घेतलं ना? नव्या आवृत्तीत कधीकधी कार्ड चालवणारा ड्रायव्हर बसत नाही. बंद करून चालू कर. सुरुवातीला यादी येईल, तिच्यातली जुनी आवृत्ती निवड. मी तोवर आईची पेटी बांधतो. थोड्या वेळाने फोन करतो."

मशीन बंद झालं. पुन्हा सुरू झालं. यादी आली. मावशीने खालची ओळ निवडली आणि पडद्यावरून अक्षरं भराभर वर सरकायला लागली. अशी अक्षरं सरकताना बघत बसलं की तिला नेहमी गुंगी यायची. आताही आली.

एक्स्चेंजमध्ये दुपारच्या पाळीला असंच व्हायचं. लांबलचक बोर्ड, त्याच्यासमोर ओळीने बसलेल्या बायका, आणि सगळीकडे बोलण्याची गुणगुण. कुणाचं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता. ऐकलं तर विसरायचं, असाही होता. कधीतरी लाइन इतकी खराब असायची की दोन्हीकडच्यांना एकमेकांचं कळायचं नाही. मग मध्ये ऑपरेटरने बोलायचं. ते म्हणतात, लवकर या. ते विचारतात, किती लवकर. मावशीने असे कितीतरी निरोप पोचवले. शब्द अगदी तेच द्यायची, एकही इकडचा तिकडे नाही. तरी पलीकडच्याचा आवाज दरवेळी पडायचा. एकदा एक बाई तिला म्हणाली होती, "तुम्ही सांगितलंत ते बरोबर असेल हो. पण ते असं म्हणाले नसतील."

तेव्हापासून मावशीला मधल्या माणसाचा धसका होता.

दारावर टकटक झाली. खालचा चष्मेवाला. त्याचं दुकान तळमजल्यावर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वर यायची त्याची सवय होती.

"ऑपरेटरबाई, पेपरमधलं कोडं सुटेना म्हणून आलो. तर तुम्हीच कोड्यात दिसताय."

"कार्ड हरवलंय."

"कुठलं? लायब्ररीचं?"

"ह्याच्या पोटातलं."

चष्मेवाल्याने मशीनच्या मागे वाकून बघितलं, जणू कार्ड खाली बिली पडलं असेल. मग त्याला सगळं सांगावं लागलं. तो म्हणाला, "एवढंच ना! माझा मोबाइल घ्या. पाठवा मेसेज अक्कांना."

"तिला मोबाइलवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. पोरगा वाचून सांगतो."

"मग पोरगा सांगेल!"

"सांगेल. तिला नकोय ते आणि मलाही नकोय."

"असं काय उत्तर आहे हो तुमचं? होय असेल नाहीतर नाही. दोन अक्षरं."

मावशीने त्याच्याकडे बघितलं. माणूस भला होता. तिचा चष्मा त्यानेच केलेला. "तुम्ही नंबर काढता तेव्हा विचारता ना," ती म्हणाली, "आता बरं दिसतंय की मघाशी बरं दिसत होतं? मला कधीच सांगता यायचं नाही ते. तसंच आहे हे."

"मग मी काय करतो? परत पहिली काच लावतो. आणि थांबतो." चष्मेवाला खुर्चीवरून उठला. "चहा पाठवू?"

"नको. गुंगी उडेल."

तो गेला. मशीन वर आलं होतं. मावशीने पट्टी एकदा दाबत पुन्हा तोच हुकूम दिला. एक. लो. त्याच्याखाली काही नाही.

खरं काय होतं, ते तिला माहीत होतं. ती मागच्या खेपेला अक्काकडे गेली होती. चांगली राहायला म्हणून गेली होती. दोघी आमनेसामने बसल्या आणि मावशी बोलायला लागली. बोलणं हाच तिचा धर्म. अक्का तिच्या ओठांकडे बघत राहिली. मान हलवायची, हसायची. भलत्याच ठिकाणी हसायची. मावशी सांगत होती की तिच्या मैत्रिणीचा नवरा गेला, आणि अक्का हसली. मग अक्काला तिच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि ती अशी काही ओशाळली की उठून स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. पुढचे दिवस दोघी नुसत्या एकमेकींकडे बघून हसत होत्या. पाहुण्यांकडे बघून हसावं तसं. निघताना मावशीला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून स्टेशनवर रडू आलं.

घरी येऊन मशीन लावलं तर अक्काने लिहिलेलं. "पोचलीस का गं? तुझ्या त्या रंगीत चपला बघून शेजारीण म्हणाली, बहीण सर्कशीत होती का." मावशी इतकी हसली की खाटेवर बसावं लागलं. पडद्यावर अक्का बहिरी नसायची. टोमणे मारायची, चुका काढायची, जुनी भांडणं उकरून काढायची. मावशी लिहून थांबायच्या आत तिचं उत्तर यायचं. लहानपणी वेणी घालताना तोंड चालायचं, तसंच.

मग जायचं कशाला? जवळ जाऊन तिला पुन्हा बहिरी करायला? आणि नाही गेलं तर आश्रमात तिला कोण विचारणार, तिथे लिहिणार कोण तिला? हे सगळं भाच्याने कागदावर लिहायचं होतं. होय किंवा नाही.

फोन वाजला. "झालं का?"

"जुन्यातही तेच. लो."

"मग एल, एस, पी, सी, आय. सगळं जोडून लिही. आता पट्टीला हातसुद्धा लावू नकोस."

"ओरडू नकोस. तुझ्या आईसारखा आवाज होतोय."

यादी आली. मशीनच्या आत जे जे बसवलंय, त्याची. मावशीने एकेक ओळ वाचून दाखवली. कितीही अवघड शब्द असो, ती अक्षर-अक्षर सुटं करून सांगायची. भाचा प्रत्येक ओळीला "नाही, ते चित्राचं", "नाही, ते आवाजाचं" म्हणत गेला. यादी संपली.

"इथरनेट म्हणून कुठेच नाही?"

"नाही रे."

"विचित्र आहे." त्याचा आवाज आता वेगळा झाला होता, कामात शिरलेल्या माणसासारखा. "बघ मावशी. ड्रायव्हर नसता ना, तरी कार्ड या यादीत दिसलं असतं. नुसतं चाललं नसतं."

"म्हणजे घंटी वाजतेय पण उचलत कुणी नाही, तसं."

"अगदी. पण इथे तसंही नाहीये."

"इथे तो नंबरच नाही."

"हो. म्हणजे एकतर कार्ड जळालं. नाहीतर कुणीतरी ते आतूनच बंद केलंय."

"आतून म्हणजे?"

"तो पहिला निळा पडदा. लिनक्स सुरू व्हायच्याही आधीचा. तुला घड्याळ लावायला शिकवलं होतं ना मी, तो. तिथे बंद केलं तर लिनक्सला कार्ड आहे हे कळतच नाही. पण तिथे कोण जाणार? जळालंच असेल." तो दमून म्हणाला, "मावशी, गाडी यायची वेळ होत आली. आता तरी सांग मला."

मावशीची नजर मशीनच्या मागे गेली. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं होतं.

"मावशी? लाइनवर आहेस ना?"

"आहे. फोन ठेव. गाडीवाल्याला थांबव जरा."

"अगं पण..."

"थांबव म्हणते ना."

तिने रिसीव्हर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली.

मशीनच्या मागे, वायर जिथे आत जाते तिथे, एक बारकासा दिवा होता. मशीन बंद असलं तरी लुकलुकायचा. ती इतकी वर्षं त्याच्यासमोर झोपली, कधी लक्षसुद्धा गेलं नव्हतं. काल रात्री अक्काचा तो प्रश्न डोक्यात घेऊन ती आडवी झाली आणि दिवा दिसला. एक्स्चेंजमध्ये बोर्डावर दिवा लागला म्हणजे कुणीतरी थांबलंय. दिवा लागलेला ठेवून ऑपरेटरने उठायचं नाही. तिने कूस बदलली. भिंतीवर त्याचा उजेड पडत होता, जात होता. कुणीतरी थांबलंय. कुणीतरी थांबलंय. वायर उपटली असती तर काम झालं असतं, पण लागलेल्या लाइनची वायर उपटणं तिच्या हाताला जमलं नसतं. त्याची कधी सवयच नव्हती. म्हणून उठून तिने रीतसर मशीन लावलं, निळ्या पडद्यावर गेली, दिव्याचं काय ते शोधलं. एक गोष्ट बंद केली, दिवा तसाच. दुसरी बंद केली. दिवा गेला. तिला वाटलं, नुसता दिवाच गेला. मग गाढ झोप लागली. आणि सकाळी पडद्यावर आलं, नेटवर्क नाही. तेव्हासुद्धा तिला दिवा आठवला नाही. आठवायचा नसावा.

ती उठली नाही, चिडलीही नाही. मशीन बंद करून चालू केलं आणि कीबोर्डच्या कडेचं बटण दाबून धरलं. निळा पडदा आला. ती ओळ सापडली. काल आपणच केलेलं "बंद". तिने बाण हलवून ते "चालू" केलं.

या वेळी एकच्या खाली दोन होतं.

अक्का तिथेच होती. मावशीने तोंडही उघडलं नव्हतं आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं.

"कळलं मला. राग नाही. पेटी बांधून झालीय."

मावशीने कीबोर्ड जवळ ओढला. मग तिने लिहिलं, "मशीन बिघडलं होतं."

"बरं."

"अक्का, खोटं नाही. पण बिघडवलं मीच. रात्री दिवा लुकलुकत होता. झोप येईना. विझवला."

अक्काचं उत्तर आलं. "लहानपणी पण असंच. गणित येत नसलं की कंदील फुंकायचीस. आणि वर म्हणायचीस, तेल संपलं."

"तुला दिसायचं?"

"अंधारात तू डोळे उघडे ठेवून पडायचीस. बहिरी आहे मी, आंधळी नव्हते."

मावशीने डोळे पुसले. मग जे कुणाकरवी सांगण्यासारखं नव्हतं, ते लिहायला बसली. लिहिलं, पुसलं नाही. मागच्या खेपेचं हसणं लिहिलं. स्टेशनवरचं रडू लिहिलं. तू समोर असलीस की माझी अक्का कुठे जाते ते मला कळत नाही, आणि इथे या काचेत ती असते, हे लिहिलं. मला तुझ्याजवळ यायला भीती वाटते, असं सरळ लिहिलं. अक्का मध्ये एक अक्षर बोलली नाही. अक्का आणि मध्ये न बोलणं! मावशीला वाटलं, पुन्हा लाइन गेली. तिने मागे वाकून बघितलं. दिवा चालू होता.

मग अक्काने लिहिलं, "मला वाटायचं मलाच तसं होतं. तू समोर बसून बोलतेस तेव्हा तुझे दात नवे आहेत एवढंच कळतं."

आणि खाली, "ठमे, तुझं ते मशीन उचलता येतं का?"

"येतं. का?"

"आतली खोली रिकामीच आहे. मी बाहेरच्या खोलीत असते. मध्ये भिंत आहे चांगली जाड."

मावशीने ते वाचलं. पुन्हा वाचलं. खोलीभर नजर फिरवली. खाट, कपाट, विटलेला पडदा, भिंतीवर चढून मावळायला आलेलं ऊन. हे सगळं इथेच राहणार होतं, आणि तिच्याशिवायही असंच रोज इथे ऊन येणार होतं. तिने लिहिलं, "येते."

लगेच फोन वाजला. "मावशी, तू काय लिहिलंस? आई म्हणतेय गाडी परत पाठव. आणि म्हणतेय आतल्या खोलीत प्लगची जागा कर. कशाला?"

"तिलाच विचार," मावशी म्हणाली. "मी मध्ये पडणार नाही."

निघायच्या दिवशी चष्मेवाल्याने मशीनचा पडदा स्वतःच्या गोधडीत गुंडाळून जिना उतरवला. "सांभाळून जा, ऑपरेटरबाई," म्हणाला, आणि गोधडी परत मागितली नाही.

आता दोघी जेवायला समोरासमोर बसतात. बोलत नाहीत. ताट वाढायचं, पाणी पुढे सरकवायचं, एकमेकींकडे बघायचं. आता त्याचं ओशाळं वाटत नाही. हात धुऊन दोघी आपापल्या खोलीत जातात, मधलं दार थोडं उघडं राहतं, आणि मग अक्का सुरू होते. भाजीत मीठ किती होतं. मावशी कशी बसते, कशी चालते, तिला आई किती डोक्यावर चढवायची.

एका दुपारी मावशीने लिहिलं, "वरच्या मजल्यावर एक जण गातो. रोज."

"मला कुणी बोललं नाही कधी. कसं गातो?"

मावशीने छताकडे बघत जरा विचार केला. "अक्का, तू बहिरी झालीस ते योग्य वेळी झालीस."

बाहेरच्या खोलीत हसू फुटलं. मोठं, फाटकं, थांबत पुन्हा उसळणारं. अक्का पूर्वी तोंडाला पदर लावून हसायची. आता आपलं हसणं किती मोठं होतं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ते तिला कधी ऐकूही येणार नव्हतं. वरचा गाणारा गप्प झाला.

मावशीने कीबोर्डवरून हात काढून घेतले.

पडद्यावर आलं, "गेलीस कुठे? लिही ना पुढे."

तिने काही लिहिलं नाही. दाराकडे कान करून, डोळे मिटून, ऐकत बसली.